रविवारचा सराव

नवीन पनवेल
१४ एप्रिल २०२५

प्रिय रमा,
अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येईनासं झालं, त्यामुळे मला पुन्हा पत्रं लिहायची सवय लागली. ह्या वेळचं कारण मात्र आनंदाचं नाही. भावनाला मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमधून घरी आणलं. फुप्फुसं आखडत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणतात. आता तिला ऑक्सिजनचं मशीन कायम लागणार. प्रवासी बॅगेएवढं असतं, विजेवर चालतं. खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं.

घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बंद पडलं. कंपनीत फोन केला तर म्हणे, सलग सुट्ट्या आहेत, माणूस मंगळवारी येईल. मंगळवारी! वरच्या मजल्यावरचा शैलेश मोटारसायकलवर जाऊन कुठून तरी सिलिंडर घेऊन आला म्हणून निभावलं. मी मशीन उघडून पाहिलं तर फ्यूज उडालेला. नखाएवढा फ्यूज, रमा. तो घरात असता तर भावनाचे ओठ तसे निळे पडले नसते.

मी सगळी नोकरी रसायनीच्या कारखान्यात मेन्टेनन्समध्ये काढली. तिथे एखादा सुटा भाग स्टोअरमध्ये नाही असं झालं की साहेब माझी चामडी सोलायचे. आणि घरात, बायकोच्या श्वासाच्या बाबतीत, मी गाफील राहिलो. आता नाही. हॉलमधलं शोकेस रिकामं करून त्यात फ्यूज, फिल्टर, नाकातल्या नळ्या, पाण्याच्या बाटल्या, रबरी वॉशर असं सगळं लावून घेतलं आहे. नवा इन्व्हर्टर बसवला. मोठा सिलिंडर खाटेशेजारी उभा केला.

आभा म्हणते, आईला घेऊन पुण्याला आमच्याकडे या. तिथे काय आहे? आभा आणि जावई दिवसभर ऑफिसात. इथे मी आहे.

भावना बरी आहे. तू तुझ्या कानाच्या मशीनचे सेल जादा आणून ठेवत जा.

तुझा
दादा


वाई
२९ एप्रिल

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र शाळेतल्या सवयीने दोनदा वाचलं. मशीनबद्दल दीड पान आणि वहिनीबद्दल तीन शब्द, 'भावना बरी आहे.' माझ्या वर्गात असतास तर शेरा मारला असता.

रागावू नकोस. फ्यूजचं वाचून मी कानाच्या मशीनचे जादा सेल त्याच दिवशी आणले. तू केलंस ते चांगलंच केलंस. पण ती जेवते का? तिला कंटाळा येतो का? शोकेसमधल्या तिच्या भातुकलीच्या पितळी भांड्यांचं काय केलंस? ती भांडी लग्नात बरोबर घेऊन आली होती, आठवतंय ना?

आणखी एक. तुमचं घर तळमजल्यावर. गाढी नदीचं पाणी चढलं की तुमच्या फाटकापर्यंत येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पावसाळ्यापुरतं तरी आभाकडे जा. तिच्याकडे लिफ्ट आहे, मोठं हॉस्पिटल जवळ आहे. मी मदतीला येऊ का? नुसतं 'ये' लिही, दुसऱ्या दिवशी एसटीत बसते.

वहिनीला माझ्यातर्फे जवळ घे.

रमा


नवीन पनवेल
२३ जून

प्रिय रमा,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. वेळ कसा जातो कळत नाही.

पळस्प्याच्या इंद्रजीत नावाच्या गृहस्थाकडून आणखी एक मशीन मिळालं. त्याची आई गेली, मशीन पडून होतं. मी ते पूर्ण उघडलं आहे. त्यातला प्रत्येक भाग पुसून, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवला. उद्या आपल्या मशीनचं काहीही गेलं तरी मी ते घरच्या घरी बदलू शकतो. हॉलमध्ये जागा पुरेना, म्हणून भावनाची खाट आतल्या खोलीत हलवली. हॉलच्या खिडकीसमोर तिच्या जागी प्लास्टिकच्या ड्रॉवरचं कपाट आलं आहे. आत खिडकी नाही, पण तिला उजेडाचा त्रासच होतो. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून देव मागच्या बाल्कनीत नेले. तिची भांडी माळ्यावर आहेत, सुरक्षित आहेत.

दर रविवारी आम्ही सराव करतो. मी मेन स्विच बंद करतो, इन्व्हर्टरही बंद करतो, आणि भावनाला मशीनवरून सिलिंडरवर घेतो. पहिल्या वेळी माझा फार गोंधळ झाला. आता हात बसला आहे. पाना डाव्या खिशात, वॉशर उजव्या. तिचं सहकार्य उत्तम असतं. एका शब्दाने तक्रार करत नाही.

डॉक्टरांनी तपासणीसाठी दोन दिवस ॲडमिट व्हा असं सांगितलं होतं. मी पुढे ढकललं. नेताना वाटेत काही झालं तर? तिथल्या मशीनचा काय भरवसा? दुपारी ती शांत झोपते. त्या वेळी मी हॉलमध्ये माझं काम करत बसतो. मशीनचा आवाज तिथपर्यंत येतो. त्याच्यात जरासा फरक पडला तरी मला कळतं.

तू यायचं नको. झोपायला जागा नाही.

दादा


नवीन पनवेल
७ जुलै

प्रिय रमावन्सं,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुकड्या तुकड्यांनी लिहिते आहे. वरची दिपिका, शैलेशची बायको, पोस्टात टाकेल. ह्यांना सांगू नका.

दुपारी मी झोपत नाही. झोपेचं सोंग घेतलं की हे हॉलमध्ये जातात. तेवढा वेळ माझ्या चेहऱ्याकडे कुणी मीटर वाचल्यासारखं बघत नाही.

तुमचा भाऊ वाईट नाही. माझं अंग पुसतात, भात मऊ करून भरवतात. रात्री खुर्चीत बसून राहतात. पण मला खोकला आला की हे आधी मशीनकडे धावतात. मी काही सांगायला लागले की बोट ओठांवर ठेवून मशीनचा आवाज ऐकतात.

रविवारी सकाळपासून माझे हातपाय गार पडतात. हे म्हणतात, "तयार? आता लाईट गेली." मग नळी निघते. ह्यांचं लक्ष पान्याकडे आणि घड्याळाकडे. मी छताकडे बघते. मागच्या खेपेला सिलिंडरचा वॉशर नीट बसला नाही, हवा फुसफुसत बाहेर जात होती. मी हात हलवला. हे म्हणाले, "जरा थांब, खऱ्या वेळीसुद्धा असं होऊ शकतं." त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा हे माझे गाल चोळत रडत होते. संध्याकाळी म्हणाले, "आज वेळ थोडा जास्त लागला." एवढंच.

मला आभाकडे जायचं आहे. खिडकी असलेल्या खोलीत झोपायचं आहे. हे ह्यांना सांगितलं तर ह्यांना वाटेल, मी ह्यांच्या सगळ्या मेहनतीला नावं ठेवली. घाबरलेत हो ते. इतके घाबरलेत की मला माझी भीती बोलायला जागाच उरली नाही.

काही तरी लिहा त्यांना. तुमचं ऐकतील.

भावना


वाई
१४ जुलै

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

ह्या वेळी चेष्टा नाही.

वहिनीला आभाकडे ने. ह्याच आठवड्यात ने. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, बरोबर माणूस असतो. तुझे सगळे सुटे भाग दोन खोक्यांत भर आणि बरोबर घेऊन जा, कुणी तुला अडवत नाही. मी पुण्याला येऊन राहते, आभावर भार पडायचा नाही.

आणि रविवारचा तो सराव बंद कर. तुझ्या कारखान्यात तुम्ही चालू प्लांट असा मुद्दाम बंद पाडून बघत होतात का? इथे तर माणूस आहे. तू लिहितोस की ती एका शब्दाने तक्रार करत नाही. दादा, वहिनी कधी तरी गप्प बसणारी होती का? आपल्या आईशी पहिल्याच दिवशी आमटीत गूळ किती घालायचा ह्यावरून वाद घातला होता तिने. ती आता बोलत नाही, ह्याची तुला काळजी वाटत नाही?

उत्तर ताबडतोब दे.

रमा


नवीन पनवेल
१८ ऑगस्ट

रमा,

तुझं पत्र मिळून महिना झाला. मुद्दामच उत्तर दिलं नाही.

भावनाने तुला लिहिलं, हे मला कळलं आहे. सरावाला वेळ जास्त लागल्याचं मी तुला कळवलं नव्हतं, तरी तुझा सूर बदलला. मी तिला काही बोललो नाही. दिपिकाला मात्र सांगितलं, की भावनाला विश्रांतीची गरज आहे, वरचेवर येत जाऊ नकोस.

तुम्हा सगळ्यांना सल्ला देणं सोपं आहे. त्या दिवशी तिचे ओठ निळे पडताना तुम्ही कुणी इथे नव्हता. मी तिला पंख्याने वारा घालत होतो, रमा. हातपंख्याने. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

परवापासून पाऊस थांबलेला नाही. आज सकाळी महापालिकेची गाडी भोंग्यावर ओरडत फिरली, तळमजल्याच्या लोकांनी शाळेत जावं म्हणून. शैलेशही येऊन गेला. "काका, पानी थांबनार नाय. काकूंना आताच वर घेऊ आमच्याकडं." मी त्याला विचारलं, तुझ्या घरात इन्व्हर्टर आहे? नाही. शाळेत जनरेटर आहे? कुणालाच माहीत नाही. ह्या घराइतकी तयारी ह्या संपूर्ण सेक्टरमध्ये कुणाची नाही. मशीन टेबलावर चढवलं आहे. इन्व्हर्टर विटांवर ठेवला आहे. मी तिला उगाच का हलवू?

पाणी अजून फाटकाबाहेर आहे. दिपिका दारात उभी आहे, तिच्याकडेच हे पत्र टाकायला देतो आहे. शैलेशला पुन्हा पाठवू नकोस, असंही तिला सांगतो.

दादा


वाई
२६ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं अठरा तारखेचं पत्र आज हातात पडलं. टीव्हीवर पनवेलची चित्रं त्याआधीच पाहिली. शेजारच्या मुलीला बसवून तुझा फोन लावला, बंद आहे. आभाचा लागतो, पण ती उचलत नाही.

मी रागावलेली नाही. तू दोन ओळी लिही. एक लिही. कुणाकडून तरी निरोप पाठव.

तुम्ही दोघं कुठे आहात?

रमा


नवीन पनवेल
२९ ऑगस्ट

प्रिय रमा,
अनेक आशीर्वाद.

काळजीचं कारण नाही. पाणी घरात शिरलं होतं, ओसरलं. माझा फोन पाण्यात गेला. भावना थोड्या विश्रांतीसाठी आभाकडे आहे, मी परवाच तिला भेटून आलो.

मी इथे घर उभं करतो आहे. चिखल सगळा काढला. ड्रॉवरमधल्या बऱ्याच वस्तू वाचल्या आहेत. धुऊन गच्चीत वाळत घातल्या. काय चुकलं तेही लक्षात आलं आहे. सगळं एकाच खोलीत ठेवायला नको होतं. ह्या वेळी निम्मा साठा माळ्यावर ठेवीन, आणि इन्व्हर्टर थेट छताजवळ.

दिवाळीपर्यंत भावना घरी येईल. त्याआधी सगळं तयार पाहिजे.

दादा


पुणे
४ सप्टेंबर

प्रिय रमावन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना मिळालं, असं दिपिकाकडून कळलं. त्याचं ह्यांनी काय उत्तर दिलं असेल ते मला न वाचता कळतं. म्हणून खरं काय झालं ते लिहिते. मधेमधे थांबावं लागतं, अक्षर आभाचं आहे.

दुपारचीच वेळ होती, पण अंधारून आलं होतं. पाणी आधी संडासातून वर आलं, मग दारातून. वीज गेली. इन्व्हर्टर चालू झाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, म्हणालो नव्हतो मी? पाणी विटांच्या वर गेलं आणि तोही बंद पडला. मशीन टेबलावर कोरडं होतं, नुसतं गप्प.

मग सिलिंडर. डाव्या खिशात पाना होता. उजव्या खिशातला वॉशर हातातून निसटला आणि पाण्यात पडला. तो सापडेना म्हणून हे हॉलमध्ये ड्रॉवरकडे गेले. ड्रॉवर सगळे बाहेर येऊन तरंगत होते, वन्सं. ह्यांनी चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या सगळ्या घरभर फिरत होत्या. हे गुडघ्यांवर बसून पाण्यात चाचपत होते. मी हाक मारली. "एक मिनिट," म्हणाले. पुन्हा मारली. "भावना, एकच मिनिट." तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

तेव्हा मला फार स्वच्छ कळलं, की मी इथेच पडून राहिले तर हे वॉशर शोधत असतानाच मी मरेन, आणि ह्यांना ते कळणारसुद्धा नाही.

मी नाकातली नळी काढली. भिंत धरून उठले. पाणी गुडघ्यांपर्यंत होतं. ह्यांच्या पाठीमागून गेले, हाताच्या अंतरावरून. ह्यांनी वर पाहिलं नाही. दाराशी शैलेश उभाच होता. त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं तरी आलेला. त्याने मला लहान मुलासारखं उचललं. जिन्याच्या वळणावर होतो तेव्हा खालून ह्यांचा आवाज आला, केवढ्या आनंदाने, "सापडला गं! सापडला!"

त्यानंतर ह्यांनी ओरडून ओरडून माझं नाव घेतलं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

पोलिसांची होडी लवकरच ऑक्सिजन घेऊन आली, मग अँब्युलन्स, मग इथलं हॉस्पिटल. त्या धावपळीत आभाला तुमचा फोन घेता आला नाही. आता आभाकडे आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, खाली गुलमोहोर आहे. मी माझं तोंड बंद ठेवायला नको होतं, असं आभा म्हणते. खरं असेल.

काल डॉक्टर आभाला बाहेर घेऊन गेले. दार नीट लागलं नव्हतं. म्हणाले, "दिवाळीचं आत्ता काही ठरवू नका." आभा आत आली आणि मला म्हणाली, "सुधारणा आहे." मीही हो म्हटलं. आत्ता हे लिहिताना तिला कळलं, की मी ऐकलं होतं. थोडं रडून झालं आहे, आता पुढे लिहितो आहोत.

हे आले होते. दारातच उभे राहिले. इथल्या मशीनचा नंबर विचारला, कंपनी विचारली, आणि पनवेलला परत गेले. माझ्यासाठी घर तयार करायला. मी राहा म्हटलं असतं तर राहिले असते का, कोण जाणे. मला त्या वेळी धाप लागली होती.

मला ह्यांच्यावर राग नाही असं लिहिणार होते. आहे. तरीसुद्धा मला हे इथे हवे आहेत. तुम्ही वाटेत पुण्याला उतरू नका, थेट पनवेलला जा. त्यांना घेऊन या. खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्याच्याने होत नाही.

भावना


नवीन पनवेल
९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

आज सकाळी इथे पोचले. ह्या पानाचा फोटो काढून दिपिका आभाच्या फोनवर पाठवते आहे, म्हणजे तुला आजच मिळेल.

दादा गच्चीत होता. वर्तमानपत्रं पसरून त्यावर सगळे भाग मांडलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. मला पाहून इतका खूश झाला. हात धरून दाखवायला लागला, हे वाचलं, हे गेलं, हे पुन्हा मिळेल. फार वाळलाय गं. दाढी वाढली आहे. मी बराच वेळ ऐकून घेतलं. कानाचं मशीन काढून ठेवावं असंही एकदा मनात आलं.

मग सांगितलं. डॉक्टर जे बोलले तेच शब्द सांगितले.

तो म्हणाला, "ते तसंच म्हणतात. आधीच हात वर करून ठेवतात."

मी म्हटलं, "दादा, ती ह्या घरात परत येणार नाही."

तो खाली बसला. एक फिल्टर हातात होता, तो पुसत राहिला. खालून शैलेशच्या घरातून मासे तळल्याचा वास येत होता, कुणी तरी रेडिओ लावला होता. पुसता पुसताच म्हणाला, "मी तिच्या एवढा जवळ होतो, रमा. ती माझ्या मागून गेली आणि मला कळलं नाही."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"पुण्याला येऊन मी करू काय? आभाने सगळी सोय केली आहे. कंपनीचा माणूस बोलावला की तासाभरात येतो. माझं तिथे काय काम?"

"तिच्याजवळ बस."

"नुसतं?"

"नुसतं."

त्याला ते जमेल की नाही, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. पण दुपारी दाढी करून आला, घराची किल्ली दिपिकाकडे दिली. गच्चीतलं सामान तसंच पडलं आहे. मी विचारलं, भरून ठेवायचं का? त्याने नको म्हणून मान हलवली. मघाशी आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू झाला. आम्ही दोघं दारात उभे राहून तो बघत होतो. गच्चीत तो गेला नाही.

उद्या पहिल्या गाडीने निघतो. तो रिकाम्या हाताने येतो आहे, वहिनी. आला की तू आधी बोल. जे बोलायचं ते सगळं बोल, रागाचंसुद्धा.

आम्ही पोचेपर्यंत वाट बघ.

रमा